कूलर बंद करून ‘मेड इन जपान’

प्रश्न थोडक्यात असा : ‘काका, मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रॉक ऐकायला लागून दोन वर्षं झाली. सगळे म्हणतात म्हणून डीप पर्पल या इंग्लिश बँडचा ‘मेड इन जपान’ या मे महिन्यात दोनदा लावला आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच बंद केला. सात गाणी आणि सव्वा तास! एक गाणं वीस मिनिटांचं, एकात नुसता ड्रम. आवाज जुनाट वाटतो. यातली बरीच गाणी मला स्टुडिओतली आवडतात. मग या लाइव्ह अल्बममध्ये ऐकायचं तरी काय? आणि त्यासाठी रेकॉर्ड प्लेयर घ्यावा का?’

आधी मला सांग, ऐकताना खोलीतला कूलर चालू होता का? हसू नको. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून कोणी बसत नाही, मीही बसत नाही. पण कूलरचा पंखा आणि पाण्याचा पंप मिळून जी घरघर करतात, ती बास गिटार आणि ऑर्गनच्या खालच्या सुरांवर गोधडीसारखी पसरते. कान तिला पाच मिनिटांत विसरतो, पण ती तिथेच असते. ‘चाइल्ड इन टाइम’ची सुरुवात इतकी हळू आहे की कूलरपुढे ती ऐकूच येत नाही. मग तू आवाज वाढवतोस. थोड्या वेळाने गायक इयन गिलन वरच्या पट्टीत किंचाळायला लागतो, कान फाटतात, आणि तू म्हणतोस रेकॉर्डिंग जुनाट आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं आहे हे खरंच, पण यातला बराचसा दोष तुझ्या खिडकीत बसवलेल्या त्या पत्र्याच्या पेटीचा आहे.

मी उन्हाळ्यात हा अल्बम पहाटे पाचला ऐकतो. त्या वेळी आमच्या खामल्यात कोकिळा आणि दूधवाले एवढेच जागे असतात, हवाही बरी असते. रॉक आणि पहाट हे जरा विचित्र वाटेल, पण करून बघ.

मी तीसेक वर्षं साऊंड करतो. लग्नातले ऑर्केस्ट्रा, कॉलेजची गॅदरिंग, गणपती, वसंतराव देशपांडे सभागृहातल्या शास्त्रीय मैफिली, जे येईल ते. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माइकच्या बाजूने देता येईल. संगीताच्या जाणकारांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे, ते त्यांनाच शोभतं.

स्टुडिओतलं गाणं म्हणजे घर बांधण्यासारखं काम. आधी पाया, मग भिंती, मग रंग. ड्रम एका दिवशी, गाणं दुसऱ्या दिवशी, चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा. लाइव्हमध्ये हे होत नाही, आणि त्याचं कारण कलाकारांच्या प्रामाणिकपणात शोधू नकोस, माइकमध्ये शोध. आम्ही त्याला लीकेज म्हणतो. गाणाऱ्याच्या माइकमध्ये त्याच्या मागचा ड्रमही शिरतो. ड्रमच्या माइकमध्ये गिटारचा अँप्लिफायर शिरतो, तोही उशिरा : पाच मीटरवरून आवाज यायला साधारण १५ मिलीसेकंद लागतात. तेच वाद्य चार माइकमध्ये चार वेगवेगळ्या वेळी पोचतं, आणि त्या बारीक उशिरांतून तुझ्या कानाला स्टेज केवढं आहे, हॉल केवढा आहे, कोण कुठे उभं आहे याचा अंदाज येतो. तुला ज्याला ‘जुनाट’ म्हणायचं आहे, त्यातला निम्मा भाग म्हणजे ही खोली. ती तुला ऐकायची सवय नाही, कारण हल्लीच्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीच नसते.

लीकेजचा दुसरा परिणाम असा की नंतर दुरुस्ती करणं फार अवघड होतं. गाणाऱ्याची एक ओळ बेसूर झाली म्हणून ती स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतली, तर जुन्या ओळीबरोबर तिच्यात मिसळलेला ड्रमही जातो आणि त्या जागी आवाजाला भोक पडतं. लोक तरीही करतात. किस बँडचा १९७५चा ‘अलाइव्ह!’ खूप गाजला, आणि त्यात स्टुडिओत बरीच भर घातली होती हे नंतर उघड झालं. मला त्यात मोठं पाप दिसत नाही. ‘मेड इन जपान’मध्ये मात्र वरून काही भरलेलं नाही असं बँडने कायम सांगितलं आहे, आणि माझ्या कानाला ते पटतं.

एक माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गॅदरिंगमध्ये पोरांच्या बँडचं रेकॉर्डिंग करायचं होतं. मी शहाणपणा करून मिक्सरमधूनच वायर काढली आणि थेट कॅसेट डेकला दिली. कार्यक्रम झक्क झाला. घरी येऊन लावतो तर काय, गाणारा कानात येऊन गातो आहे, ड्रम लांब कुठेतरी, आणि गिटार जवळजवळ नाहीच! कारण सोपं होतं. गिटारवाल्याचा अँप्लिफायर स्टेजवरच एवढा दणकत होता की मी मिक्सरवर त्याला जवळपास बंद ठेवलं होतं. हॉलमध्ये बसलेल्याला सगळं बरोबर मिळत होतं, फक्त वायरला मिळत नव्हतं. आणि लोकांचा आवाज? शून्य. टाळ्यांसाठी माइकच लावला नव्हता. रिकाम्या हॉलमध्ये पोरं वेड्यासारखी ‘थँक यू नागपूर’ म्हणत होती. त्या पोरांनी मला बरेच दिवस सोडलं नाही, आणि बरोबरच केलं. त्यानंतर एका वर्षी मी तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत मुद्दाम टेपरेकॉर्डर घेऊन इतवारीत उभा राहिलो. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गर्दीतून उठते, पुढे सरकते, गल्लीच्या भिंतीवर आपटून परत येते. ती गर्दी काढून टाकली तर हातात उरतो फक्त ढोल.

आता ‘मेड इन जपान’च्या वायरी कोणी जोडल्या ते ऐक. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ला टोकियोचा बुदोकान. पहिली तारीख बघ, इकडे आपण स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा करत होतो. बँडला लाइव्ह अल्बमची हौस नव्हती. जपानच्या रेकॉर्ड कंपनीला तो हवा होता, आणि तोही जपानपुरताच. बँडने अट घातली की रेकॉर्डिंग आमचाच माणूस करेल. तो माणूस म्हणजे मार्टिन बर्च. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला त्यांचा ‘मशीन हेड’ त्यानेच रेकॉर्ड केला होता, आणि पुढे आयर्न मेडनचे अल्बम करून तो आणखी मोठा झाला. हाताशी आठ ट्रॅकचं यंत्र, म्हणजे टेपवर आवाजाच्या आठच वेगळ्या पट्ट्या. आठ ट्रॅकमध्ये पाच माणसं आणि हॉलभर लोक बसवायचे! आज माझ्याकडे नुसत्या ड्रमला आठ माइक असतात आणि तरी मी कुरकुर करतो. नंतर मिक्सिंगला पाचांपैकी दोघेच हजर राहिले, बासवाला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस. ज्याला कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं, तो अल्बम डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये निघाला आणि बँडची ओळख होऊन बसला.

सातपैकी पाच गाणी ओसाकाची आहेत. ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचं, इतर चार दुसऱ्या रात्रीची. ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ ही दोनच टोकियोची. बुदोकान ही १९६४च्या ऑलिंपिकमधल्या ज्युडोसाठी बांधलेली भलीमोठी इमारत, तर ओसाकाचा हॉल संगीतासाठी केलेला, सुमारे २,७०० खुर्च्यांचा. हेडफोन लावून ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ संपताना आणि ‘लेझी’ सुरू होताना हवा बदलते का ते बघ. मला दर वेळी छत वर गेल्यासारखं वाटतं.

माझी स्वतःची पहिली ओळख मात्र फार दरिद्री होती. धरमपेठेतल्या एका मित्राकडे त्याच्या मामाने आखातातून आणलेल्या टेपची कॉपी होती, आणि मी तिची कॉपी साठ मिनिटांच्या कॅसेटवर केली. नव्वदची घेतली असती तर अल्बम नीट मावला असता, एका बाजूला ३६ मिनिटं, दुसऱ्या बाजूला ४०. पण साठची स्वस्त होती. परिणाम असा की माझ्या कॅसेटवर ड्रमचा सोलो सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ‘टक्’ होऊन बाजू संपायची, आणि ‘स्पेस ट्रकिन’ बरोबर मध्यात कापलं जायचं. ते गाणं वीस मिनिटांचं आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तुझी तक्रार लांबीची आहे, माझी त्या काळी उलटी होती.

आता ऐकायचं काय. माझं एकच सांगणं आहे : गाणी ऐकू नकोस, गाणी तुला पाठ आहेत. ही पाच माणसं एकमेकांचं कसं ऐकतात ते ऐक. तबल्याच्या साथीला बसलेला माणूस गवयाच्या तोंडाकडे बघत असतो ना, तसं. त्यासाठी एका वेळी एकच माणूस धर.

‘हायवे स्टार’वर पेसला धर. सुरुवातीला स्नेअरवर, म्हणजे मांड्यांमधल्या करकरीत छोट्या ड्रमवर, बारीक टकटक चालू असते, ऑर्गन वर नुसता सूर पसरून ठेवतो, बाकीचे हळूहळू जमतात. हे वाद्यं जुळवण्यासारखं वाटतं, पण तेवढ्यात गती तयार होते आणि मग सगळे एकदम सुटतात. गाण्यात आधी सोलो आहे तो ऑर्गनचा, गिटारचा नंतर. पहिल्यांदा ऐकताना बरेच जण दोन्ही गिटारच समजतात, कारण जॉन लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायला घेतला होता. चर्चमध्ये शोभणारं वाद्य, पण आवाज असा खरखरीत की रिची ब्लॅकमोरच्या गिटारशी समोरासमोर भांडू शकेल. मिक्समध्ये ही दोन वाद्यं दोन बाजूंना आहेत. कोणतं कोणत्या कानात ते तूच शोध, पण एकदा सापडलं की अल्बम एकदम मोकळा होतो. गर्दीच्या रस्त्यावर ओळखीचे दोघे दिसावेत तसं.

‘चाइल्ड इन टाइम’साठी कूलर बंद, पंखाही एकवर. यातली ऑर्गनची सुरुवातीची धून इट्स अ ब्यूटिफुल डे या अमेरिकन बँडच्या १९६९च्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून घेतलेली आहे, आणि हे बँडने मान्यही केलं आहे. म्हणजे आपल्या मुंबईच्या नावावरून निघालेली धून कॅलिफोर्नियातून इंग्लंडला आणि तिथून ओसाकाला गेली. स्टुडिओतलं, १९७०चं, सुमारे दहा मिनिटांचं आहे. इथे ते बारा मिनिटांचं होतं. ती वाढलेली दोन मिनिटं मधल्या वाजवण्यात गेली आहेत, आणि तीच खरी. विलंबित ख्याल कसा बराच वेळ जागच्या जागी पाय रोवतो आणि मग द्रुत सुटतो, तसा काहीसा आकार आहे. रागदारीचा याच्याशी संबंध नाही, उगाच ओढून जोडायचा नाही, पण नागपूरकराला थांबायची सवय असेल तर ती इथे कामाला येते. गिलन शांत गातो तेव्हा मागे पेस काय करतो ते बघ : जवळजवळ काहीच नाही. ‘काहीच नाही’ वाजवणारा ड्रमर मला तीस वर्षांत मोजून चार भेटले.

‘स्मोक ऑन द वॉटर’ तुला येतंच. त्यामागची गोष्ट खरी आहे : ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात आग लागली, डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंगला जाणार होते, मग त्यांना गावातल्या एका बंद हॉटेलात फिरता स्टुडिओ लावून ‘मशीन हेड’ करावा लागला. ते सोड. ती धून हार्मोनियमवर वाजवून बघ. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. दोन मध्यम लागोपाठ, ललत ऐकणाऱ्याचे कान टवकारतील. आता डाव्या बोटाने प्रत्येक स्वराखाली एक स्वर जोड : सा असेल तेव्हा मंद्र पंचम, म असेल तेव्हा सा. लगेच ती धून ‘ती’ होते. ब्लॅकमोर या दोन तारा पिकने, म्हणजे नखीने, न झोडता बोटांनी एकत्र उचलतो, म्हणून दोन्ही स्वर एकाच क्षणी येतात. आपल्याकडे गॅदरिंगमध्ये प्रत्येक बॅचचा एक तरी पोरगा हे पिकने खरडतो, आणि ते तसं का वाटत नाही म्हणून मला मिक्सरवर ‘काका, जरा बास वाढवा’ सांगतो.

‘द म्यूल’मधला ड्रमचा सोलो पहिल्या दोन-तीन वेळा खुशाल ओलांडून जा. मी कोणाला सांगणार नाही. घरी सोफ्यावर बसून सहा मिनिटं ड्रम ऐकणं आणि समोर बसून त्या माणसाचे हात बघणं यात फरक आहे, तो फरक कुठलाही माइक भरून काढत नाही. नंतर कधी मन झालं तर एवढंच बघ : पेस डावखुरा आहे, जॅझचे ड्रमर ऐकत वाढला आहे, आणि तो जोरात कमी, भरभर जास्त वाजवतो. धुमाळ किंवा संदलच्या मागे नाचत मोठा झालेला आपला कान जोर शोधतो. इथे मनगट शोधायचं.

मधल्या बोलण्यात एके ठिकाणी गिलन साऊंडवाल्याकडे मागणी करतो की सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं ऐकू येऊ दे. साऊंड करणारा कोणीही हे ऐकून डोळे मिटतो. पाच कलाकार, पाचही जणांना स्वतःचा आवाज सगळ्यात मोठा हवा, हे ओसाकातही तसंच आणि सक्करदऱ्यातही. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये यांचा आवाज ११७ डेसिबल भरला आणि गिनीज बुकात ते सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गेले. आपल्याकडे नियमाने वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे तुझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत असेल. तेव्हा स्पीकरवर ऐकायचं तर दिवसा, आणि जेवढा आवाज खोलीत दोन माणसांना ओरडल्याशिवाय बोलू देईल तेवढाच. कान एकदा गेले की सर्व्हिसिंग होत नाही.

‘लेझी’बद्दल जास्त सांगत नाही. सुरुवातीला ऑर्गन खेळकर चाळे करतो, पुढे गिलन माउथऑर्गन काढतो, दहा मिनिटं कधी गेली कळत नाही. हे आवडलं नाही तर माझा उपाय नाही.

‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे, इथे वीस. सुरुवातीची पाचेक मिनिटं गाणं, नंतर गाणारा बाजूला होतो आणि चौघे उरतात. यात तुझी चूक होते ती अशी की तू गाणं परत यायची वाट बघत बसतोस. ते यायचं नाही. स्टेशनवर सोडायला आलेला माणूस परत गेला असं समज आणि पुढचा प्रवास बघ. एका टप्प्यावर सगळं शांत होतं आणि ब्लॅकमोर तार छेडून मग आवाजाचा नॉब फिरवत नेतो, त्यामुळे छेडल्याचा ‘टण्’ जातो आणि सूर गजाने घासल्यासारखा, चेलोसारखा, उगवत येतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोणीतरी सहावा माणूस आला असं वाटलं. खरं सांगू, शेवटची काही मिनिटं मलाही नुसता गोंगाट वाटतात. त्या रात्री हॉलमध्ये तसं वाटलं नसेल.

आता तुझ्या फोनची दुरुस्ती. शफल बंद. क्रॉसफेड नावाची सोय चालू असेल तर ती आधी बंद कर, कारण एका गाण्याच्या टाळ्या आणि पुढच्याची सुरुवात ती एकमेकांवर चढवते आणि जागेची सगळी वाट लावते. दोन गाण्यांमध्ये गॅप पडू देऊ नको. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशनही बंद, नाहीतर ‘चाइल्ड इन टाइम’चा चढ सपाट झाल्याचा संशय मनात राहतो. बासवाला इक्वलायझर तर अजिबात नको. या अल्बमच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या : १९९३ला तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा संच आला, १९९८च्या आवृत्तीत शेवटी लोकांच्या आग्रहाखातर वाजवलेली गाणी जोडली गेली, नंतर नवे मिक्सही झाले. तू मूळची सात गाणीच घे. तेच गाणं तीन रात्री कसं बदलतं हे ऐकायची गोडी लागली, तर तीन सीडींचा संच तुझ्यासाठी थांबलेला आहे.

आणि सव्वा तास एका दमात ऐकायचा हट्ट करू नको. मूळ अल्बम दोन रेकॉर्डचा, चार बाजूंचा. लोक एक बाजू ऐकायचे, उठायचे, चहा टाकायचे, बाजू पलटायचे. चार बाजूंना चार संध्याकाळी दे. पहिली बाजू १९ मिनिटांची आहे, त्याहून जास्त वेळ तू बर्डीवर गाडी लावायला जागा शोधण्यात घालवतोस.

रेकॉर्ड प्लेयर आत्ता घेऊ नको. विकत घ्यायला मनाई नाही, पण तुझं दुखणं त्याने बरं होणार नाही. वीस मिनिटांची बाजू रेकॉर्डवर बसवायची तर चर जवळजवळ कोरावे लागतात आणि आवाज थोडा दबतो, शेवटी मध्याकडे आल्यावर खरखर वाढते. ‘स्पेस ट्रकिन’चा शेवट तिथेच येतो. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेयर तर रेकॉर्डवर सुई जड टेकवतात. शिवाय आपलं गाव. मी एकदा मे महिन्यात दुपारी दोन रेकॉर्ड मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवून अर्धा तास बँकेत गेलो. परत आलो तर दोन्हींचे पापड झाले होते. प्लास्टिकच ते, बंद मोटारीच्या उन्हात टिकत नाही. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की रेकॉर्ड कव्हरातून काढताना ठिणगीसारखं चटचटतं आणि खोलीतली सगळी धूळ त्यावर येऊन बसते, आणि कूलरच्या समोर कपाट असेल तर कव्हरांना बुरशी. घेतलेच कधी, तर उभे ठेव, एकावर एक रचू नको, आणि भिंत पश्चिमेची नको. आत्ता त्या पैशांत कान झाकणारा, वायरचा, बरा हेडफोन घे.

हा पचला तर पुढे दोन. द हूचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’, १४ फेब्रुवारी १९७०, विद्यापीठाच्या जेवणघरात केलेला. गाणारा सोडला तर वाजवणारे तिघेच, आणि बासवाला जॉन एंटविसल गिटारवाल्याइतकाच पुढे. त्याच्या मूळ रेकॉर्डच्या लेबलवर लिहिलेलं होतं की खरखर बरोबर आहे, दुरुस्त करू नका. मला हे वाक्य माझ्या मिक्सरवर चिकटवायचं आहे. दुसरा ऑलमन ब्रदर्स बँडचा, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधला, मार्च १९७१चा. दोन ड्रमर, दोन गिटार, कुणालाच घाई नाही. तो आधी ऐकू नको, कंटाळशील.

राहिलं ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’, ते मुद्दाम शेवटी ठेवलं. दुसऱ्या अर्ध्यात बँड थांबतो आणि फक्त ब्लॅकमोर आणि गिलन उरतात. गिटार एक तुकडा टाकते, गळा तो उचलून देतो. गिटार जरा वाकडा टाकते, गळा तोही देतो. तुकडे लहान होत जातात, वर चढत जातात. सतार-तबल्याचा सवाल-जवाब ऐकलेला कोणीही माणूस इथे न सांगता सरसावून बसतो.

माझे बाबा महालातल्या एका भजनी मंडळात तबला वाजवायचे. माझी ती साठची कॅसेट चालू असताना ते एकदा पाणी प्यायला खोलीत आले. म्हणाले, ‘काऊन रे, हा माणूस काऊन बोंबलून राहिला?’ मी काही बोललो नाही. पेला हातात तसाच धरून ते दाराशी उभे राहिले. गिटारने टाकलं, गिलनने दिलं. पुन्हा टाकलं, पुन्हा दिलं. त्यांची बोटं पेल्यावर चालायला लागली. शेवटी गिलनने ती लांबलचक किंकाळी फोडली, बँड परत आला, गाणं संपलं.

‘मंग, जिंकलं कोण?’ बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, गाणाराच जिंकला, टाळ्या ऐका ना.

‘टाळ्या तर दोघांनाही असतात,’ ते म्हणाले. ‘परत लाव.’